एन६४, हरवलेला एक्सपान्शन पॅक आणि दोन भाऊ: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

नावं टाकत नाही, गरजही नाही. दोघं सख्खे भाऊ, आता चाळिशीच्या आसपास, आणि लहानपणी दोघांत मिळून एकच निन्टेन्डो ६४ (एन६४), टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल. मी हौसेखातर जुने कन्सोल उघडून बघतो, त्यामुळे असली प्रकरणं फिरत फिरत माझ्यापर्यंत येतात. त्यातलं हेच लिहून ठेवतोय कारण यातला बिघाड पहिल्या पाच मिनिटांत सापडला आणि खरा गुंता त्यानंतर सुरू झाला.

ज्यांनी हा कन्सोल वापरला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एन६४ जपानमध्ये १९९६ च्या जूनमध्ये आला, त्यात ४ एमबी रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती मेमरी) होती, रॅम्बस कंपनीची आरडीरॅम, आणि प्रोसेसर, ग्राफिक्स सगळे त्याच एका रॅमवर जगत होते, वेगळी व्हिडिओ मेमरी वगैरे नव्हतीच. निन्टेन्डोने मात्र पुढचा विचार करून कन्सोलच्या वर, पुढच्या बाजूला एक छोटं झाकण ठेवलं होतं, त्याखाली एक स्लॉट, आणि त्या स्लॉटमध्ये कारखान्यातूनच एक जम्पर पॅक बसवलेला असायचा. १९९८ मध्ये एक्सपान्शन पॅक आला, लाल डोक्याचा, त्यात आणखी ४ एमबी, म्हणजे एकूण ८. जम्पर काढायचा, हा लावायचा, झाकण बंद. झाकणाच्या खाचेतून ते लाल डोकं बाहेरून दिसायचं आणि ते दिसणं हीच अर्धी मजा होती, कारण मित्र घरी आला की त्याला आधी ते दिसायचं आणि गेम नंतर.

या दोघांकडे पॅक आला तो डाँकी काँग ६४ बरोबर. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये तो गेम आला तेव्हा पॅक खोक्यातच मिळायचा, कारण त्याशिवाय गेम चालतच नाही. (एक गोष्ट बरीच वर्षं फिरतेय की एक बग काही केल्या सापडेना, पॅक लावला की तो गायब व्हायचा म्हणून नाइलाजाने पॅक फुकट दिला. यावर तो गेम बनवणाऱ्या रेअर कंपनीत काम केलेल्या लोकांनीच एकमेकांच्या उलट सांगितलंय, त्यामुळे मी ती गोष्ट ऐकतो आणि सोडून देतो.) पुढे २००० मध्ये मेजोराज मास्क आणि परफेक्ट डार्क हे गेम आले आणि या घरात पॅक स्लॉटमध्ये कायमचा बसला.

कायमचा म्हणजे जवळजवळ. यांच्याकडे स्पेस स्टेशन सिलिकॉन व्हॅली नावाचा गेम होता, १९९८ चा, आणि तो गेम एक्सपान्शन पॅक लावलेला असला की मधेच क्रॅश होतो, ही त्या गेमची माहीत असलेली खोड आहे. त्यामुळे धाकट्याला तो खेळायचा असला की पॅक काढा, जम्पर लावा, खेळून झालं की परत उलट. हा तपशील लक्षात ठेवा.

अडचण

घर बदललं, दोघं वेगवेगळ्या गावी गेले, वाटणी झाली. कन्सोल आणि रिमोट (कंट्रोलर म्हणा) दादाकडे, कॅसेट सगळ्या धाकट्याकडे. पॅक कुणाकडे गेला याचा कुणी विचारच केला नाही. मग कित्येक वर्षांनी दादाला हुक्की आली, त्याने कन्सोल बाहेर काढला, धाकट्याकडून कॅसेट मागवल्या, लावल्या, पॉवर ऑन केली, लाल दिवा लागला आणि पडदा काळा. कुठलीही कॅसेट लावा, काळाच. आवाज नाही, लोगो नाही, काही नाही.

दादाचा निष्कर्ष: मेलं. तो ‘फक्त पार्टसाठी’ म्हणून विकून टाकायच्या बेतात होता. विकण्याआधी एकदा दाखवून घ्यावं म्हणून माझ्याकडे आला आणि आल्या आल्या म्हणाला, "मेमरी कार्ड गेलंय बहुतेक." इथे जरा थांबायला हवं, कारण एन६४ ला ‘पॅक’ नावाच्या बऱ्याच वस्तू आहेत आणि लोकांच्या आठवणीत त्या सगळ्या एकच होऊन बसतात. कंट्रोलर पॅक हे सेव्ह ठेवायचं कार्ड, ते कंट्रोलरच्या मागे लागतं, ते गेलं तरी कन्सोल सुरू होतो. रंबल पॅक थरथरतो, तोही कंट्रोलरलाच. एक्सपान्शन पॅक ही रॅम, ती कन्सोलमध्ये, आणि तिच्यात काहीही साठवलेलं राहत नाही. दादाला आठवत होतं ते ‘काहीतरी मेमरीचं’ एवढंच.

मी पुढचं झाकण उचललं. स्लॉट रिकामा. ना लाल, ना जम्पर.

रिकामा स्लॉट म्हणजे एन६४ सुरू होणारच नाही. बऱ्याच जणांना वाटतं की जम्पर पॅक म्हणजे नुसतं प्लॅस्टिकचं बूच, धूळ जाऊ नये म्हणून. तसं नाहीये. रॅम्बसची मेमरी फार वेगात चालते आणि तिच्या वायरींच्या शेवटी ठराविक रेझिस्टर असावे लागतात, नाहीतर सिग्नल टोकाला आदळून परत फिरतो आणि येणाऱ्या सिग्नलमध्ये मिसळतो, मग सगळा गोंधळ. ते रेझिस्टर जम्परमध्ये असतात, आणि एक्सपान्शन पॅकमध्येही असतात. दोघांपैकी एक हवाच. म्हणजे दादाचा कन्सोल मेला नव्हता, त्याची मेमरीची साखळी शेवटी उघडी पडली होती.

हे कसं झालं असेल ते नंतर धाकट्याशी बोलल्यावर जुळलं. शेवटचा गेम बहुधा सिलिकॉन व्हॅली, पॅक काढून ठेवलेला, जम्पर लावलेला, मग कधीतरी पॅक परत लावायचा म्हणून जम्परही काढला आणि तेवढ्यात सामान बांधायची घाई. पक्कं सांगता येत नाही पण दोघांनाही हे पटलं.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपा रस्ता जम्पर पॅकचा. जुना जम्पर सहज मिळतो कारण प्रत्येक कन्सोलबरोबर एक आलाच होता आणि पॅक घेणाऱ्यांच्या घरी तो नुसता पडून राहिला. तो लावला की कन्सोल जिवंत. पण दादाला खेळायचे होते डाँकी काँग ६४ आणि मेजोराज मास्क, आणि हे दोन्ही जम्परवर एक सूचना दाखवून तिथेच थांबतात. परफेक्ट डार्क चालतो पण निन्टेन्डोच्याच भाषेत साधारण ३५ टक्के, म्हणजे मुख्य मोहिमा बंद, दोघांत थोडी मारामारी करा आणि समाधान माना. म्हणजे हा पर्याय कन्सोल वाचवतो पण इच्छा नाही.

दुसरा, ओरिजिनल पॅक जुना विकत घेणं. चालतो हे नक्की. त्रास एवढाच की मागणी बरीच आहे, नकली मालही फिरतो, आणि फोटोवरून ओळखणं दर वेळी जमत नाही.

तिसरा, दुसऱ्या कुणी बनवलेला पॅक. असे पॅक तेव्हाही मिळायचे आणि आताही मिळतात. काही उत्तम चालतात, काही तापतात. ओरिजिनल पॅकमध्ये आत धातूचं आवरण असतं आणि वर हवेसाठी फटी असतात, ते शोभेसाठी केलेलं नाही, आरडीरॅम तापते म्हणून केलंय. स्वस्तातल्या पॅकमध्ये नेमकं हेच वाचवलेलं असतं.

चौथा, कन्सोल सोडाच. मेजोराज मास्क निन्टेन्डोच्या ऑनलाइन सेवेत अधिकृतपणे खेळता येतो, एम्युलेटरमध्ये (कॉम्प्युटरवर कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) ८ एमबी ही नुसती एक सेटिंग आहे, एफपीजीएवर, म्हणजे हवी तशी जुळवता येणाऱ्या चिपवर, एन६४ पुन्हा बांधणारेही आहेत. खरं सांगायचं तर फक्त गेम खेळायचा असेल तर मी हाच सांगतो, आणि दादालाही आधी हाच सांगितला. तो म्हणाला, "गेम नको रे, ते लाल झाकण हवंय." यावर काय बोलणार.

मला इथे त्याला एक गोष्ट विचारायची होती आणि मी विचारली: पॅकबद्दल नेमकं काय आठवतं? त्याचं उत्तर होतं, पॅक लावला की सगळे गेम फास्ट व्हायचे, स्मूथ व्हायचे. धाकट्याला फोनवर तेच विचारलं तर तो म्हणाला मेजोराज मास्कमधला तो चंद्र आणि ते तीन दिवस (त्या गेममध्ये तीन दिवसांत चंद्र कोसळणार असतो). दोघांच्या उत्तरात पुढच्या सगळ्या भानगडीचं मूळ आहे.

काय केलं

आधी माझ्याकडचा जम्पर तात्पुरता लावला. पॉवर बंद असतानाच, हे सांगायला नको पण सांगतो, चालू कन्सोलमध्ये हा पॅक काढायचा-घालायचा नाही. पहिल्या खेपेला पडदा काळाच, कारण स्लॉटच्या पिनांवर इतक्या वर्षांचा थर. आयसोप्रोपाइल अल्कोहोल, बारीक ब्रश, वाळू दिलं, परत लावला आणि लोगो फिरत आला. दादा माझ्या मागे उभा होता, काही बोलला नाही, फक्त खुर्ची ओढून बसला.

हा पहिला निर्णयाचा टप्पा आणि तो बरोबर पडला असं मला वाटतं: पॅकवर पैसे घालण्याआधी कन्सोल जम्परवर सिद्ध करून घ्या. नाहीतर नवा पॅक आणायचा, चालला नाही की पॅकला शिव्या घालायच्या, आणि दोष निघायचा स्लॉटमध्ये.

दुसरा टप्पा मात्र घाईत गेला. दादाला त्याच आठवड्यात खेळायचं होतं, ओरिजिनल मिळायला वेळ लागणार होता, त्याने नवा, दुसऱ्या बनावटीचा पॅक मागवला. लावला. डाँकी काँग ६४ सुरू झाला, टुरॉक २ या गेममध्ये हाय-रेझचा, म्हणजे जास्त बारीक चित्राचा, पर्याय दिसायला लागला, परफेक्ट डार्कचा पूर्ण मेनू उघडला. सगळे खूष. मी म्हटलं लगेच खूष होऊ नका, हे फक्त कन्सोलला ८ एमबी दिसतायत एवढंच सिद्ध झालं, ते ८ एमबी नीट टिकतात का ते तासभर खेळल्याशिवाय कळत नाही.

आणि तसंच झालं. मेजोराज मास्क, त्यातल्या क्लॉक टाउन गावात फिरत असताना आधी एका भिंतीचं टेक्स्चर (तिच्यावरचं चित्र) विस्कटलं, रंगीत चौकटी आल्यासारखं, मग पाचेक मिनिटांनी चित्र गोठलं आणि आवाजाचा एकच सूर लांबत राहिला. रीसेट केलं, चाललं, परत गोठलं, या वेळी लवकर. झाकण उघडून पॅकला बोट लावलं तर चटका बसावा इतका गरम. कन्सोल थंड होऊ दिला, परत लावला, परत तेच: थंड असताना ठीक, तापला की घसरला. जम्परवर दुसरा गेम तितकाच वेळ चालवला तर काहीच नाही. म्हणजे दोष पॅकचाच. तो परत पाठवला.

आता पुढचं थोडं हसण्यासारखं आहे. हे सगळं चालू असताना ओरिजिनल पॅक धाकट्याकडेच होता. त्याच्या घरी जुन्या टीव्हीच्या केबलच्या पिशवीत, सोबत जम्पर काढायचं ते प्लॅस्टिकचं छोटं हत्यारसुद्धा, जे पॅकबरोबरच मिळायचं. त्याला ते काय आहे हे माहीत होतं, पण दादाने मागितल्या होत्या फक्त कॅसेट, म्हणून त्याने फक्त कॅसेट पाठवल्या. आणि दादाने त्याला कन्सोल बंद आहे हे सांगितलंच नव्हतं, कारण कन्सोल आपल्याकडे असताना मेला हे धाकट्याला कशाला कळू द्यायचं. भावाभावांत असतं ते.

पॅक आला, पिना पुसल्या, लावला, मेजोराज मास्क अख्खी संध्याकाळ चालला, एकदाही अडखळला नाही.

मग दादाने हाय-रेझ लावला

इथे मला वाटतं खरं प्रकरण आहे. दादाच्या डोक्यात पंचवीस वर्षं एक चित्र होतं: पॅक म्हणजे वेग. टुरॉक २ मध्ये त्याने हाय-रेझ ऑन केलं, दोन-तीन शत्रू एकदम समोर आले आणि गेम दलदलीतून चालल्यासारखा झाला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "हापण पॅक गेलाय." नाही गेलेला. हे तेव्हाही असंच होतं.

हिशेब साधा आहे. ३२० बाय २४० चं चित्र, १६ बिट रंग, म्हणजे एका फ्रेमला १५० केबी. दोन फ्रेम बफर (चित्र तयार करून ठेवायची जागा) आणि एक झेड बफर (कुठली वस्तू पुढे, कुठली मागे याची नोंद) धरला तर ४५० केबी. तेच पूर्ण ६४० बाय ४८० ला नेलं तर एका फ्रेमला ६०० केबी आणि तिन्ही मिळून १८०० केबी. मूळच्या ४ एमबीतून एवढे गेले तर गेमला, आवाजाला, टेक्स्चरला उरतं काय? म्हणून जास्तीची रॅम लागायची, आणि तेव्हाही बरेच गेम पूर्ण ६४० बाय ४८० पर्यंत न जाता मधल्याच कुठल्यातरी रिझोल्यूशनला थांबायचे. पण पॅक फक्त जागा देतो. पिक्सेल चौपट झाले तर ते रंगवणारी चिप तीच आहे, ६२.५ मेगाहर्ट्झची, आणि रॅमपर्यंतचा रस्ताही तोच. टेबल मोठं केलं आणि त्यावर काम करणारा माणूस एकच ठेवला तर काम चौपट वेगाने होत नाही. म्हणून हाय-रेझमध्ये चित्र जरा रेखीव आणि फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) खाली, हा सौदा पहिल्या दिवसापासून होता. लहानपणी आपण फ्रेम मोजत नव्हतो, एवढाच फरक.

शिवाय दादाचा टीव्ही. हाय-रेझ म्हणजे बऱ्याचदा इंटरलेस्ड सिग्नल (चित्राच्या ओळी एकाआड एक पाठवणारा), तो आताचे टीव्ही आपल्या पद्धतीने जुळवून घेतात, त्यात थोडा उशीर लागतो आणि कडा थरथरतात. एन६४ मुळातच चित्र गुळगुळीत करून देतो, त्यावर टीव्हीचं स्वतःचं स्केलिंग, म्हणजे जे ‘हाय’ असायला हवं होतं तेच जास्त धूसर दिसत होतं. लो-रेझ उलट बरं दिसलं.

धाकट्याची आठवण मात्र तपासात खरी उतरली. मेजोराज मास्कला पॅक रिझोल्यूशनसाठी लागत नाही. तो लागतो कारण गेम एका वेळी जास्त गोष्टी सांभाळतो, जास्त पात्रं एकत्र पडद्यावर, प्रत्येकाचं तीन दिवसांचं वेळापत्रक, लांबपर्यंत दिसणारं शहर. तिथे जास्तीची रॅम पिक्सेलवर उधळलेली नाही. पॅकची सगळ्यात चांगली कमाई कुठली असं मला विचाराल तर मी हाय-रेझच्या लांबलचक यादीकडे बघणारही नाही, हा एक गेम दाखवीन.

दादाला हे पटायला वेळ लागला आणि मी घाई केली नाही. त्याला हाय-रेझ ऑन-ऑफ करून एकाच जागी उभं राहून दोन्ही बघायला सांगितलं, टुरॉक २ मध्येही आणि परफेक्ट डार्कमध्येही. शेवटी त्याने स्वतःच ऑफ केलं आणि म्हणाला की पॅक आत असू दे, पण मोड साधाच ठेवू.

निकाल

कन्सोल विकला गेला नाही. ओरिजिनल पॅक आत, साधा मोड, आणि एका ओळखीच्याकडून जुना मोठ्या डब्याचा टीव्ही मिळाला त्यावर चित्र पुष्कळच सुधारलं.

सेव्हचं काय झालं हेही सांगतो कारण दोघांनी पहिला प्रश्न तोच विचारला होता. मेजोराज मास्कचा सेव्ह कॅसेटमधल्या फ्लॅश मेमरीत असतो, बॅटरी लागत नाही, त्यामुळे दोघांच्या फाइल जशाच्या तशा. डाँकी काँग ६४ आणि परफेक्ट डार्क ईईप्रॉमवर, म्हणजे कॅसेटमधल्याच बिनबॅटरीच्या मेमरी चिपवर, तेही शाबूत. टुरॉक २ चा सेव्ह कंट्रोलर पॅकवर, त्यातल्या बटण सेलने केव्हाच मान टाकलेली, म्हणून ते सगळं गेलं. म्हणजे दादाच्या आवडीच्या गेमचा सेव्ह गेला आणि धाकट्याच्या राहिला, आणि धाकटा हे त्याला अजून ऐकवतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिली गोष्ट, काळा पडदा आणि लाल दिवा दिसला की कन्सोल मेला असं म्हणण्याआधी पुढचं झाकण उघडून बघा. बोटाने उघडतं, स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही. ‘चालत नाही’ म्हणून विकले गेलेले किती एन६४ नुसत्या रिकाम्या स्लॉटमुळे गेले असतील याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

दुसरी, वस्तू दोघांत वाटली गेली असेल तर विकत घेण्याआधी दुसऱ्याला पूर्ण परिस्थिती सांगा. दादाने "कॅसेट पाठव" ऐवजी "सुरू होत नाहीये" असं म्हटलं असतं तर तो दुसरा पॅक मागवावाच लागला नसता.

दुसऱ्या बनावटीच्या पॅकबद्दल मी सरसकट नको म्हणणार नाही, माझ्या एका कन्सोलमध्ये तसलाच आहे आणि बरा चालतो. पण परत करायची मुदत संपायच्या आत तो तापवून बघा, मेनू दिसला म्हणून खोका फेकून देऊ नका. चाचणीला मेजोराज मास्क किंवा डाँकी काँग ६४ घ्या, कारण त्यांना वरचे ४ एमबी लागतातच. जो गेम त्या भागाला हातच लावत नाही त्यावर तासभर खेळून काहीच कळणार नाही.

हाय-रेझबद्दल मी दादाला आधीच बजावून ठेवायला हवं होतं का, यावर माझं मत अजून पक्कं नाही. सांगितलं असतं तर त्याने ऐकलं नसतं, आणि कदाचित पॅक शोधायचा उत्साहच गेला असता, मग धाकट्याच्या केबलच्या पिशवीपर्यंत कुणी पोचलंच नसतं.

एक गोष्ट अजून अडलेली आहे. सिलिकॉन व्हॅलीसाठी पॅक काढून जम्पर लावावाच लागतो. माझा जम्पर मी दादाला देऊन टाकला आणि काढायचं हत्यारही आता त्याच्याकडे आहे, पण धाकटा आला की त्याला आधी सिलिकॉन व्हॅलीच खेळायचा असतो आणि दादा त्याला स्लॉटला हात लावू देत नाही. सध्या ठरलंय असं की काढणं-घालणं फक्त दादा करणार, आणि काढलेला पॅक त्याच दिवशी परत आत जाणार.